गार्डनर्स वर्ल्ड: वेळ वाढला पण हातातलं काम कमी दिसायला लागलं

ब्रिटनमध्ये बीबीसी टूवर शुक्रवारी संध्याकाळी लागणारा गार्डनर्स वर्ल्ड हा बागकामाचा कार्यक्रम मी 2005 पासून बघतेय, म्हणजे निवेदक मॉन्टी डॉन तेव्हा बेरीफिल्ड्सच्या बागेतून करायचे तेव्हापासून. मधे ते आजारी पडले, 2008 ला टोबी बकलँड आले आणि बर्मिंगहॅमची ग्रीनएकर बाग सुरू झाली, मग 2011 पासून मॉन्टी परत आले ते हेरफर्डशायरमधल्या त्यांच्या स्वतःच्या लाँगमेडो बागेतून. एवढी वर्षं बघून सांगते, कार्यक्रमाचा वेळ वाढला, तो दिसायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी सुंदर झालाय, पण शिकायला मिळतं त्याचं प्रमाण घटलंय, आणि हे मला मनापासून खटकतं कारण मला बागेतलं जे काही येतं त्यातलं निम्मं याच कार्यक्रमाने शिकवलंय.

लॅव्हेंडरची कटिंग्ज कशी करायची ते मी इथेच बघितलं. फूल न आलेली कोवळी फांदी घ्यायची, बोटभर लांबीची, खालची पानं हलक्या हाताने ओढून काढायची, पेराच्या जरा खाली धारदार चाकूने कापायचं, आणि मग भरपूर खडी किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मिसळलेल्या मातीत कुंडीच्या कडेकडेने खोचायची, मधोमध नाही, कारण कडेला पाण्याचा निचरा चांगला होतो आणि हवा लागते. हे सगळं कॅमेरा हातावरून न हलवता दाखवलं होतं, गडबड नाही, संगीत नाही, फक्त चाकूचा आवाज आणि मॉन्टींचं बोलणं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तस्संच केलं आणि दहापैकी सात जगली. आता काय होतं, तेच काम पटकन उरकतात, मग लगेच कुणाच्या तरी मोठ्या बागेचं ड्रोनने घेतलेलं दृश्य, मग अजून एक बाग, आणि ती कटिंग्ज पुढे जगली का मेली ते क्वचितच कळतं. मला तीच कुंडी सहा आठवड्यांनी परत बघायचीय हो, उलटी करून, मुळं दाखवून, आणि मेली असतील तर ती पण दाखवा.

मेलेलं दाखवण्याचं म्हणाल तर लाँगमेडोला बॉक्सच्या झाडांना, म्हणजे कुंपणासाठी लावतात त्या सदाहरित झुडपांना, ब्लाइट हा बुरशीचा रोग लागला तेव्हा त्यांनी लपवलं नाही, वर्षानुवर्षं छाटून आकार दिलेली झुडपं उपटून टाकावी लागली ते सगळं पडद्यावर आलं. तो भाग बघताना पोटात कालवलं, पण त्यानंतर मी माझ्या बॉक्सची खालची पानं उलटून बघायला लागले आणि काळे डाग दिसले की लगेच फांदी तोडून कचऱ्यात टाकते, कंपोस्टमध्ये नाही.

आमच्या शेजारच्या आजी तर जुने निवेदक पर्सी थ्रोअर यांच्या काळापासून बघतात, कार्यक्रम 1968 चा आहे, त्यांच्या मते जेफ हॅमिल्टनसारखा कुणी झालाच नाही. 1979 ते 1996, त्यांचं निधन होईपर्यंत तेच निवेदक होते, बार्न्सडेलची त्यांची बाग आजही लोकांना बघायला खुली आहे. मी गेले होते, आणि तिथे गेल्यावर आजींचं म्हणणं पटलं, लहान लहान बागा केल्यात, आपल्या घरामागे मावतील अशा, आणि बरंचसं घरी करता येईल असं. उलट माझ्या मैत्रिणीला आत्ताचा कार्यक्रमच आवडतो, ती म्हणते आठवडाभर काम करून शुक्रवारी मला कुणी शिकवायला नको, फुलं बघायची आणि शांत बसायचं. तिचंही चूक नाही. ग्रीनएकरच्या वेळी छोटे छोटे तुकडे करून घाईघाईत दाखवायला लागले होते तेव्हा आजी आणि मैत्रीण दोघींनी एकाच सुरात तक्रार केली होती, म्हणजे घाई कुणालाच नको असते.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला सगळ्यात जिवंत भाग 2020 चा लॉकडाऊन, जेव्हा प्रेक्षकांनी स्वतःच्या बागेचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. कुणाची बाल्कनी, कुणाचं अंगण, कॅमेरा हलतोय, मधेच वाऱ्याचा आवाज, पण माणूस आपल्या टोमॅटोबद्दल जीव ओतून सांगतोय. सू केंट अशाच व्हिडिओतून आल्या, जन्मतःच हात आखूड आहेत, पायाने माती उकरतात, रोपं लावतात, आणि आता निवेदिका आहेत. त्या लावताना बघितलं की काम नीट कळतं कारण प्रत्येक हालचाल विचार करून केलेली असते. दुसऱ्या निवेदिका कॅरोल क्लाइन पण तशाच, बी पेरताना मुठीतून कशी सोडायची ते बघत राहावं.

अजून एक गोष्ट. कार्यक्रम साधारण मार्चला सुरू होतो आणि शरद ऋतूत संपतो, हिवाळ्यात मोजके विशेष भाग सोडले तर काही नाही. पण सफरचंदाची मुख्य छाटणी तर झाड झोपलेलं असतानाच करायची, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नवशिक्या माणसाला सगळ्यात जास्त भीती तीच वाटते, कुठली फांदी काढायची, एकमेकांवर घासणारी कुठली, बाहेरच्या बाजूचा डोळा कुठला. नेमकं तेव्हाच टीव्ही गप्प. महिन्यातून एक अर्ध्या तासाचा भाग केला तरी पुष्कळ झालं.

शेवटी मॉन्टी त्या वीकेंडची कामं सांगतात तो भाग मात्र कधीच चुकवू नका, मी अजूनही वही घेऊन बसते. पाचपैकी साडेतीन तारे. ती कुंडी सहा आठवड्यांनी परत दाखवायला लागले तर अर्धा लगेच वाढवते.