टोर रिले वर्षभर चालवल्यावर: पैसे द्यावेत, पण कशाचे?

मी पुण्यात राहतो आणि गेलं वर्षभर युरोपातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर टोरचा, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या नेटवर्कचा, रिले (लोकांचा डेटा पुढे पाठवणारा दुवा) चालवतो आहे. बिल माझ्याच खिशातून जातं. "याचे तुला किती मिळतात?" असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून इथे सेटअपपेक्षा पैशाबद्दलच जास्त लिहितो.

नवख्यांसाठी थोडक्यात: टोर ब्राउझर तुमचा डेटा तीन रिलेंमधून नेतो. पहिल्याला, म्हणजे गार्डला, तुम्ही कुठून आलात ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्या एक्झिटला ठिकाण कळतं, माणूस कळत नाही. मधला या दोघांची गाठ पडू देत नाही. हे हजारो रिले जगभरातले स्वयंसेवक आणि छोट्या संस्था पदरमोड करून चालवतात.

सर्व्हर घरी ठेवला नाही, कारण सगळ्या रिलेंचे आयपी पत्ते जाहीर असतात. काही वेबसाइट ती यादी उचलून सरसकट अडवतात, मग तुमचा रिले एक्झिट नसला तरी. घरच्यांचं नेटबँकिंग अडकवण्यात अर्थ नव्हता. भाड्याचा सर्व्हर घेताना एक गोष्ट नीट पाहा: रिले जेवढा डेटा घेतो तेवढाच पुढे पाठवतो, त्यामुळे दोन्ही बाजू मोजणाऱ्या कंपनीकडे कोटा दुप्पट वेगाने संपतो. महिन्याची मर्यादा टोरच्या सेटिंगमध्येही घालता येते, पण ती संपली की रिले झोपतो. मी अमर्याद ट्रॅफिकवाला प्लॅन घेतला आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

सुरुवातीला धीर लागतो. पहिले काही दिवस रिले जवळजवळ रिकामा असतो, कारण नेटवर्क आधी त्याचा वेग मोजून घेतं. आठवड्याभराने गार्ड होण्याची पात्रता येते आणि तेव्हाच ट्रॅफिक चक्क घसरतो. ब्राउझर त्याला मधल्या जागेसाठी कमी निवडू लागतात, आणि गार्ड म्हणून लोक सावकाश येतात, कारण एकदा निवडलेला गार्ड कोणी सहजासहजी बदलत नाही. दोन-सव्वादोन महिन्यांनी आलेख स्थिरावतो. बरेच जण त्याआधीच "चालत नाही" म्हणून बंद करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यानंतर मात्र काम फारसं उरत नाही: अपडेट, अधूनमधून रीस्टार्ट, बस.

आता पैसा. 2012 च्या जुलैमध्ये टोरचे एक जनक रॉजर डिंगलडाइन यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. व्हॉइस ऑफ अमेरिका चालवणाऱ्या सरकारी प्रसारण मंडळाची वेगवान एक्झिट रिलेंसाठी पैसे द्यायची तयारी होती, रिलेमागे महिन्याला सुमारे 100 डॉलर. डिंगलडाइन यांची अडचण मला आजही पटते. तेव्हा सर्वांत वेगवान पाच एक्झिटपैकी एखादा निवडला जाण्याची शक्यता 25 ते 30 टक्के होती. पैसे ओतून वेग वाढवायचा, तर हे केंद्रीकरण वाढू शकतं. शिवाय आधीपासून फुकट चालवणाऱ्यांना द्यायचे की फक्त नव्यांना? फुकटवाल्यांना वगळलं, तर ते कुठवर टिकतील?

मोबदला गीगाबाइटवर ठरला तर काय होईल, हे माझ्या बिलावरून मला दिसतं. मी सरळ सर्वांत स्वस्त ठिकाणी जाईन, आणि बाकीचेही तिथेच येतील. जर्मनी-फ्रान्समधल्या काही मोठ्या होस्टिंग कंपन्यांकडे रिलेंची आधीच गर्दी आहे. टोरची सुरक्षितता तर वेगवेगळे देश, वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी माणसं यांवर उभी आहे. 2020 च्या मे महिन्यात एकाच टोळीच्या हातात एक्झिट क्षमतेचा सुमारे 23 टक्के हिस्सा गेला होता, आणि ती टोळी लोकांच्या बिटकॉइनवर डल्ला मारत होती. रिलेमागे रोख मिळू लागली, तर अशांचा भांडवली खर्चही आपणच भरून दिल्यासारखं होईल. म्हणूनच नोव्हेंबर 2023 मध्ये नफ्याच्या क्रिप्टो योजनेशी जोडलेले रिले टोरने नेटवर्कमधून काढले, तेव्हा मला तो निर्णय योग्य वाटला. रिले चालवून क्रिप्टो टोकन मिळवण्याच्या त्या वाटेला मी गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका.

पैशाचा आणखी एक धोका आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसा आला की हिशोब येतो, आणि हिशोबात नावं येतात. झ्वीबेलफ्रॉइंडं ही जर्मन संस्था एक्झिट रिलेंसाठी देणग्या गोळा करायची आणि इतरांचा खर्च भरून द्यायची. जून 2018 मध्ये तिच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांवर पोलिसांनी धाड घातली. कारण काय, तर ही संस्था ज्या ईमेल सेवेच्या देणग्या सांभाळत होती, तिच्यावरच्या एका पत्त्यामागचा माणूस पोलिसांना हवा होता. त्यात संस्थेची वर्षांची कागदपत्रं गेली, देणगीदारांची माहितीही गेली. पुढे म्युनिकच्या न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली, पण कागद तोवर वाचून झाले असणार.

तरीही पैसे लागतातच, आणि ते एक्झिटला लागतात. गार्ड किंवा मधल्या रिलेला तक्रारी जवळजवळ येत नाहीत. एक्झिटच्या नावावर मात्र जगभरचा गैरवापर लागतो, कारण वेबसाइटला पत्ता त्याचाच दिसतो. एक्झिट चालवणारे मॉस्कोतले गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव एप्रिल 2017 मध्ये याच कारणाने अटकेत गेले. खटला पुढच्या वर्षी मागे घेतला गेला. असं ओझं एकट्या माणसाने उचलू नये. फ्रान्समधली 'नोझोन्यों', स्वीडनची 'डीएफआरआय' यांसारख्या संस्था ते उघडपणे उचलतात, तक्रारींना उत्तरं देतात, वकील उभा करतात. त्यांचं सर्व्हरचं आणि वकिलाचं बिल भरणं मला शंभर टक्के मान्य आहे.

माझ्या रिलेसाठी मित्रांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली होती. मी ती अशाच एका संस्थेकडे वळवायला सांगितली, आणि दोघं-तिघं आता नियमित देतात. सर्व्हर घेणं परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक एक्स्टेन्शन टाका. टोर बंद असलेल्या देशातल्या माणसाला तुमच्या जोडणीतून वाट मिळते आणि वेगळा खर्च येत नाही.

प्लॅन संपत आला आहे. पुढचा सर्व्हर गर्दी नसलेल्या नेटवर्कवर घेणार आहे, थोडा महाग पडला तरी.