ल्युसिस्टिक की अल्बिनो: पांढऱ्या ॲक्सोलॉटलमधील फरक

पाळीव ॲक्सोलॉटलमध्ये (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) ल्युसिस्टिक आणि पांढरा अल्बिनो हे दोन प्रकार इतके सारखे दिसतात की पुष्कळदा दोघांनाही एकच नाव दिले जाते. मात्र त्यांच्या पांढरेपणाची कारणे अगदी वेगळी आहेत. ल्युसिस्टिक प्राण्यात काळे रंगद्रव्य तयार होते, परंतु भ्रूणावस्थेत रंगपेशी त्वचेत सर्वदूर पसरत नाहीत. म्हणून अंग फिकट राहते, डोळे मात्र काळेभोर असतात आणि डोक्यावर वा पाठीवर काळे ठिपकेही दिसू शकतात. १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला पोहोचलेल्या ॲक्सोलॉटलमध्ये असा एक पांढरा नर होता.

अल्बिनोमध्ये काळे रंगद्रव्य बनवणारी प्रक्रियाच खंडित झालेली असते, त्यामुळे त्याचे डोळे गुलाबी किंवा फिकट दिसतात. विशेष म्हणजे, हा बिघाड घडवणारे जनुक ॲक्सोलॉटलचे मूळचे नसून १९६२ साली टायगर सॅलमँडर या जवळच्या उभयचर जातीशी केलेल्या संकरातून आले आहे. केवळ अल्बिनो जनुकामुळे प्राणी सोनेरी होतो. पूर्ण पांढरा अल्बिनो होण्यासाठी त्याला ल्युसिस्टिक जनुकाचीही जोड लागते.

दोघांनाही पापण्या नसतात, तरी अल्बिनोच्या डोळ्यांत प्रकाश अडवणारे रंगद्रव्य नसल्याने त्याला मंद उजेड आणि लपायला जागा देणे मला अधिक निकडीचे वाटते.