कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मावशींचा दिवाळी फराळ: अनुभव

फराळाची ऑर्डर कुणाला द्यावी विचारणाऱ्यांसाठी लिहितेय, थोडं मोठं झालंय पण वाचा.

मावशी घरातूनच करतात, हाताखाली दोन बायका, बोर्ड बिर्ड काही नाही, सगळं ओळखीतनं चालतंय. तयार फराळ किलोवर मिळतो, आपण साहित्य नेऊन दिलं तर मजुरीवर करून देतात, आणि नुसती चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, करंजीचं सारण असं पण देतात, म्हणजे निम्मं काम त्यांचं निम्मं आपलं. मला हेच सगळ्यात आवडलं.

आपल्याकडं वसुबारसेच्या आत सगळे डबे भरलेले पाहिजेत, शेजारी जाणाऱ्या ताटात सगळे पदार्थ पाहिजेत आणि ते पण घरचेच, आता तर ताटाचा फोटो स्टेटसला पण टाकायचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर नोकरी करून रात्री उशिरापर्यंत चकल्या तळणाऱ्या बायका आहेत, नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांना उटणं लावायला उठायचं तर त्यांच्या अंगात त्राण नसतं हो. आणि खाणारे चिवडा चकली पहिल्या दोन दिवसांत संपवतात, बाकीचं तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात तसंच. मला ह्याचा खरंच राग येतो. नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप घेऊन बेकरीत रांग लावतो आणि भाजून आणतो तेव्हा कोण विकतचं म्हणत नाही, मग चकली मजुरीवर करून घेतली तर काय बिघडलं?

मावशींनी ऑर्डर घ्यायच्या आधी विचारलं, घरात काय काय खाल्लं जातं आणि तुला स्वतःला काय करायला आवडतं. मी म्हटलं करंज्या, कारण सासूबाई, मी आणि पोरगी एकत्र बसतो, पोरगी कातण फिरवते, गप्पा होतात. तर म्हणाल्या, "मग करंज्या तूच कर, चकली अनारसे माझ्यावर सोड, आणि चिरोटे कोण खात नसंल तर करूच नको की!" स्वतःची ऑर्डर कमी करून सांगणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं पण मावशींच्या सारणाची चव बघितल्यावर गप्प झाल्या, त्या दिवशी दुपारी चक्क झोपल्या पण.

आता चवीचं. अनारसे एक नंबर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं, एवढं करून ऐन वेळी तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले, की सगळं वाया, म्हणून बऱ्याच घरात आता अनारसे होतच नाहीत. मावशी आपला कोल्हापुरी गूळच वापरतात, खसखशीची बाजू वर ठेवून न उलटता मंद आचेवर तळतात, जाळी इतकी सुंदर पडलेली की सासूबाईंनी एक उचलून उजेडात धरून बघितला. चकली खुसखुशीत, काटे छान, तेलकट अजिबात नाही. शंकरपाळी ठीक. चिवडा मात्र कोल्हापूरच्या मानानं गोड वाटला, आमच्या घरात वरनं तिखट घालून परत परतला.

पॅकिंग सुधारायला पाहिजे, पातळ पिशवीत दिल्यामुळं तळाच्या चकल्या मोडल्या, आपला डबा घेऊन गेलात तर बरं. महाद्वार रोडच्या दुकानांपेक्षा भाव जरा जास्त आहे पण तूप बघितलं की कळतं कशाचे पैसे देतोय.

अनारसे हवे असतील तर दसरा झाला की लगेच सांगून ठेवा, नंतर घेत नाहीत. अर्धा किलोची ऑर्डर पण चालते. आणि चिवड्याला तिखट वाढवायला आधीच सांगा.