गलाता मनोरा: पहाऱ्यापासून संग्रहालयापर्यंत

इस्तंबूलच्या गलाता मनोऱ्यावर बहुतेक लोक जातात ते वरच्या सज्जातून दिसणाऱ्या देखाव्यासाठी, आणि गोल्डन हॉर्न या खाडीपलीकडे तोपकापी राजवाडा, आयासोफ्या व सुलेमानिये मशीद एका नजरेत सामावलेले पाहिले की त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र निव्वळ देखाव्यासाठी लांबलचक रांग आणि परदेशी पाहुण्यांना बरेच महाग पडणारे तिकीट सोसायचे असेल, तर शहरात इतर उंच जागाही आहेत. इथे पाहण्यासारखी खरी वस्तू आहे ती ही वास्तूच.

१३४८ मध्ये इटलीतील जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वसाहतीच्या तटबंदीतील सर्वांत उंच बुरूज म्हणून हा मनोरा बांधला. एकोणिसाव्या शतकात तट पाडले गेले आणि मनोरा एकटाच उरला, त्यामुळे आज त्याच्याभोवती फिरताना ही मुळात एका किल्ल्याची टेहळणीची जागा होती हे मुद्दाम आठवावे लागते. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर जिंकल्यावर त्यांच्या राजवटीत कासिमपाशा भागातल्या गोदीत राबणारे कैदी इथे डांबले जात, तर अठराव्या शतकापासून लाकडी घरांच्या या शहरात कुठे आग लागते यावर इथून लक्ष ठेवले जाऊ लागले. गंमत अशी की आगीचा पहारा करणारा मनोरा स्वतःच १७९४ मध्ये आणि पुन्हा १८३१ मध्ये जळाला. पुढे १८७५ च्या वादळात त्याचा शंकूसारखा कळस उडाला आणि जवळपास नव्वद वर्षे तो कळसाविनाच राहिला.

आज छायाचित्रांत झळकणारा कळस १९६५ ते १९६७ च्या जीर्णोद्धारातला आहे. त्याच वेळी आतले लाकडी बांधकाम काढून काँक्रीटचे मजले घातले गेले, लिफ्ट आली आणि वर उपाहारगृह व नाइटक्लब सुरू झाले. थोडक्यात, खालची जाडजूड दगडी भिंत जिनोआकरांची, वरचे मजले ऑटोमन दुरुस्तीचे आणि आतला सांगाडा विसाव्या शतकाचा, असा हा तीन काळांचा जोड आहे. या काँक्रीटला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते खोट्या जुनेपणापेक्षा प्रामाणिक वाटते. २०२० मध्ये संग्रहालय करताना आतली एक भिंत ड्रिल यंत्राने फोडल्याची चित्रफीत पसरली आणि बराच गदारोळ झाला. भिंत नंतरची होती, असा खुलासा सरकारने केला. तो खरा धरला तरी अशा वास्तूत हे हत्यार चालवण्याचे समर्थन होत नाही.

संग्रहालयात सतराव्या शतकातल्या हेझारफेन अहमद चेलेबीने या मनोऱ्यावरून पंख लावून बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडल्याची कथा रंगवून सांगितली आहे. तिला आधार एकट्या एव्लिया चेलेबी या ऑटोमन प्रवाशाच्या प्रवासवर्णनाचा आहे, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. लिफ्टने वर जाऊन पायऱ्यांनी उतरावे लागते आणि सज्जा अरुंद असल्याने गर्दीत फार थांबता येत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी उतरण्याचा विचार आधीच करावा. बाकीच्यांनी सकाळी दार उघडताच जावे आणि उतरताना खिडक्यांच्या कोनाड्यांत भिंतीची जाडी निरखावी.