जुन्या सीजे-३बी जीपची चेसिस आणि बॉडी: ब्लास्टिंग, इपॉक्सी, वॅक्स आणि त्यावर कोकणातला अख्खा पावसाळा

गाडी १९७८ ची महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये काढलेलं तेच उंच बोनेटचं मॉडेल. मूळचं २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन आधीच्या मालकाने कधीच काढून डिझेल बसवलंय, पण इंजिनाबद्दल इथे काही लिहीत नाही, हा सगळा अनुभव पत्रा आणि चेसिसचा. गाडी रत्नागिरीजवळ असते, समुद्राचा वारा रोजचा, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि हंगामात बागेतून आंब्याच्या पेट्या आणायच्या म्हणजे लाल चिखल आणि जांभ्याचे दगड आलेच. इथे टिकलं तर कुठेही टिकेल.

एकच गोष्ट लक्षात ठेवा, जीप बाहेरून गंजत नाही, आतून गंजते. वरून ठीक दिसणाऱ्या चेसिसवर, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर, चाचांनी, म्हणजे आमच्या पत्रेवाल्यांनी, टोकदार हातोडी मारली आणि ती मागच्या क्रॉस मेंबरमध्ये, म्हणजे दोन दांड्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्यात, सरळ आत गेली. जिथे दोन पत्रे एकावर एक बसवलेत तिथे मधे पाणी शिरतं, आणि गंज लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा घेतो म्हणून तो दोन्ही पत्रे फुगवून फाकवतो. पुढच्या भागात चेसिसची दांडी आतून पट्टी मारून बंद पेटी केलेली आहे, तिथून कॉम्प्रेसरने हवा मारली तर घमेलंभर माती निघाली, आणि तळाशी गंजाचे पापुद्रे असे की बोटाने सोलत जावं. दुसरी वाईट जागा म्हणजे फ्लोअरखालचे टोपीच्या आकाराचे आडवे चॅनेल. महायुद्धातल्या जीपमध्ये तर या चॅनेलच्या आत लाकूड भरलेलं असायचं, ते पाणी धरून ठेवायचं आणि पत्रा खायचं. म्हणून बॉडी न उचलता फक्त वरून डेंटिंग-पेंटिंग करून घेणार असाल तर मी मनापासून सांगतो, पैसे घालवू नका.

हरियाणातल्या डबवालीहून नवीन बॉडी मागव असं खूप जणांनी सुचवलं, तिकडे जीपच्या बॉड्या बनवण्याचा मोठा धंदा आहे आणि पर्याय वाईट नाही. पण माझी मूळ बॉडी मडगार्डच्या वर चांगली होती म्हणून ठेवली, फ्लोअर आणि चॅनेल मात्र १८ गेजच्या पत्र्यात नवीन केले.

ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक दाणे मारून गंज उडवणं, चेसिस, ब्रॅकेट, बंपर, सगळ्या जाड सामानाला करून घेतलं आणि ते शंभर टक्के वर्थ आहे, ग्राइंडरने खड्ड्यातला गंज कधीच निघत नाही, वरून चकचकीत होतो फक्त. पण बोनेट आणि साइड पॅनेलला जोराचं ब्लास्टिंग अजिबात करू देऊ नका, पातळ पत्रा लहरी येऊन ताणला जातो, तिथे पेंट रिमूव्हर, वायर ब्रश आणि फ्लॅप डिस्क, वेळ जातो पण पत्रा सरळ राहतो. साधी वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नका, त्या धुळीने माणसाची फुप्फुसं जातात, गार्नेट किंवा कॉपर स्लॅगचे दाणे वापरणारा शोधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेसिस नंबरवर आधी ग्रीस लावून जाड टेप गुंडाळा, पेन्सिलने छाप घेऊन ठेवा आणि फोटो काढा, तो नंबर पुसट झाला तर आरटीओत पासिंगला जो त्रास होईल तो गंजापेक्षा मोठा.

वेल्डिंगला मिग (वायर आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) वापरलं, ०.८ मिमीची वायर. चेसिसच्या दांडीला पट्टी लावताना उभी सरळ रेघ वेल्ड मारायची नाही, पट्टीची टोकं तिरकी कापायची, नाहीतर तडा बरोबर त्याच रेषेत जातो.

आता प्रायमर. कोकणात ब्लास्ट केलेलं लोखंड उघडं ठेवलं तर काही तासांत वर केशरी झाक येते, त्यामुळे त्याच दिवशी झिंक रिच इपॉक्सी (भरपूर जस्त असलेला प्रायमर) मारली, वर साधी इपॉक्सी, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण इपॉक्सी उन्हात पांढुरकी पावडर सोडते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं त्यापेक्षा) निदान ३ अंश वर पाहिजे, सकाळी हात लावून ओल लागली तर थांबायचं. रस्ट कन्व्हर्टरवर, म्हणजे गंजावरच लावायच्या द्रावणावर, नेटवर फार विश्वास दिसतो, माझं मत असं की जिथे ब्लास्टिंगचा नोझल पोचतच नाही तिथेच तो वापरा. त्यातलं फॉस्फोरिक आणि टॅनिक ॲसिड गंजाला काळं करून बांधतं हे खरं, पण सुटा गंज आधी खरवडलेला हवा, आणि झिंक प्रायमर त्याच्यावर मारून काही उपयोग नाही, झिंकला उघडं लोखंडच लागतं. लांबी (पुट्टी) इपॉक्सीच्या वर भरा, उघड्या पत्र्यावर नाही, लांबी पाणी पिते. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवण्याचा, विचार केला होता पण ४५० अंशांच्या आसपासच्या झिंकमध्ये पन्नाशीला आलेली, ठिकठिकाणी पट्ट्या मारलेली चेसिस बुडवायला मन धजावलं नाही.

डांबरासारखं जाड रबरी कोटिंग खालून मारतात ते मी मारलं नाही आणि आता पावसाळ्यानंतर अजिबात पस्तावा नाही. त्याला तडा गेला की आत पाणी अडकतं आणि वरून काही दिसत नाही. त्याऐवजी सगळ्या बंद पेट्यांत लांब नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं मेण, मारलं. त्याआधी ब्लास्टिंगचे राहिलेले दाणे हवा मारून काढायलाच हवेत, आणि वॅक्स मारल्यावर पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची.

पावसाळ्यानंतर रॅम्पवर चढवून बघितलं. मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ दगड लागून रंग थेट लोखंडापर्यंत उडालाय, नखाएवढी जागा, पण गंज त्या खड्ड्यातच आहे, कडेने रंगाखाली पसरलेला नाही, कटरच्या पात्याने कड उचलून बघितली तर घट्ट. झिंकचं काम हेच, लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजतं. पेटीच्या आत छोटा कॅमेरा घालून पाहिलं तर वॅक्सचा थर तपकिरी, ओलसर, सलग, फक्त सायलेन्सर जिथून जवळून जातो तिथे उष्णतेने पातळ होऊन खाली उतरलाय. तिथे दरवर्षी परत मारावं लागणार.

जे टिकलं नाही तेही सांगतो. मागच्या चाकाच्या वरच्या सांध्यातला सीलर तडकला आणि तिथून गंजाचे ओघळ आलेत. काचेच्या फ्रेमच्या खालच्या बिजागऱ्या, जिथे काच आडवी पाडताना लोखंडावर लोखंड घासतं, तिथे कुठलाच रंग राहणार नाही, ग्रीस हाच उपाय. फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) साखळीने रंग खाल्ला, तिला आता रबरी नळी घातली. बॉडी आणि चेसिसच्या मधे जुने कॅनव्हासचे तुकडे होते ते पाणी धरायचे, त्याऐवजी भरीव रबर घातलं, तिथे एकदम कोरडं आहे. फ्लोअरवर मॅट टाकू नका, टाकलीच तर पावसाळ्यात काढून ठेवा.

खर्चात रंगापेक्षा मजुरी कितीतरी जास्त गेली, आणि त्यातही वेल्डिंगपेक्षा सोलणं-घासणं. हाताशी पैसे कमी असतील तर वरचा रंग पुढच्या वर्षी करा, लाल ऑक्साइडमध्ये फिरवा हवं तर, पण चेसिसच्या पेट्या, फ्लोअरचे चॅनेल आणि मागचा क्रॉस मेंबर या तीन जागी काटकसर करू नका. मी एप्रिलच्या शेवटी, आंब्याच्या पेट्यांची धावपळ जरा कमी झाली की, सायलेन्सरजवळचा वॅक्स आणि तो मडगार्डवरचा सांधा करून घेणार आहे, सांध्यात यावेळी पीयू सीलर.