कागद, एज फाइंडर की प्रोब? व्हीएमसीवर झिरो घेताना

साकीनाक्याच्या गाळ्यात पहिलं व्हीएमसी (टूल फिरवणारा स्पिंडल उभा असलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बसलं की मालक नागदेवीच्या बाजारात जातो, जॉबची कड शोधायला चांगला एज फाइंडर घेऊन येतो आणि टूल हाइट मात्र डिलिव्हरी चलनाच्या कागदावर घेत बसतो. झिरो घेणं म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नेमका कुठे आहे ते मशीनला सांगणं: एक्स-वाय आडव्या दिशांना, झेड उंचीत. माझ्या मते हे उलटं झालं. एक्स-वाय चुकलं तर बहुतेक वेळा जॉब रिजेक्ट होतो. झेड चुकलं तर टूल जातं, जॉब पकडणाऱ्या वाइसला खड्डा पडतो, कधी स्पिंडलही जाम होतो. पैसे आधी झेडवर घाला.

एक्स-वायचं पटकन आटपू. साधा एज फाइंडर ५००-६०० आरपीएमला फिरवून कडेला न्या. डगमगणारं टोक सरळ होतं आणि हँडलचा आणखी एक टिक दिला की झटकन बाजूला सरकतं. तीच जागा. टोक १० मिमीचं असेल तर ५ धरायचे, मिळवायचे की वजा करायचे ते बाजू बघून. ०.०१ मिमीच्या आसपास मिळतं, प्लेटच्या कामाला पुरे. दिवा लागणारा घेत असाल तर नायलॉनच्या जॉबवर तो पेटणार नाही, वीज वाहायला हवी ना. डायलवाल्या थ्री-डी टेस्टरला अर्ध्या व्यासाचा हिशोबच नाही. स्पिंडल बंद ठेवायचा, काटा शून्यावर आला की स्पिंडलचा सेंटर बरोबर कडेवर. पण तो महाग, आणि धडकला की टोक मोडतं. काहीही वापरा, कडेची बर (कापताना राहिलेला धारदार कंगोरा) आधी कानशीने काढा.

आता झेड. कागदावर घेणं म्हणजे टूल आणि जॉबमध्ये कागद धरून तो अडकेपर्यंत टूल उतरवणं. साधा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड. कूलंटने भिजला की तो ०.१ राहत नाही, आणि दोन ऑपरेटरांचा हात कधी सारखा नसतो. फुकटात करायचंच असेल तर १० मिमीची डॉवेल पिन बरी: टूल पिनच्या उंचीखाली ठेवा आणि पिन खालून सरकेपर्यंत वर उचलत न्या. पिन खाली असताना टूल उतरवायचं नाही, कार्बाइडची धार उडते. त्याहून बरा ५० मिमीचा डायलवाला झेड सेटर. हाताचा अंदाज संपला, काटा शून्यावर आला की झालं.

फक्त ते ५० मिमी कुठे धरले ते लिहून ठेवा. सेटर जॉबवर ठेवून हाइट घेतली आणि ५० वजा करायचे राहिले, तर टूल हवेत फिरतं, सगळे हसतात. दोनदा वजा झाले तर कोणी हसत नाही. आमच्याकडे एकदा सेकंड शिफ्टला तसं झालं. १६ची एंडमिल, पोलादी जॉब, पुढचं सांगत नाही.

सेटरपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पद्धत एकच ठरवा. प्रत्येक टूल जॉबच्या फेसवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर टच केलं, तर जी५४चा (मशीनमधली जॉबच्या झिरोची नोंद) झेड शून्य राहतो, पण जॉब बदलला की आठही टूल्स पुन्हा. त्याऐवजी सेटर बेडवर ठेवून सगळी टूल्स एकदाच घ्या आणि आलेला आकडा ५० वजा न करता तसाच एच व्हॅल्यू (त्या टूलच्या हाइटची नोंद) म्हणून टाका. मग जॉबचा फेस बेडपासून १३७.४० वर असेल तर त्यातून सेटरचे ५० वजा करून जी५४च्या झेडला ८७.४० टाकलं की बाकी काही हलवायचं नाही. टूल तुटलं तर तेवढंच पुन्हा घ्या. दोन्ही पद्धती एका मशीनवर मिसळल्या की धडक ठरलेली.

प्रोबचं, म्हणजे जॉबला टेकताच मशीनला आपोआप माप कळवणाऱ्या टोकाचं म्हणाल, तर डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काँकॉर्डच्या इंजिनातल्या बारीक पाइपांची मापं घ्यायला काढला. तुमचं काम तेवढं नाजूक असेल, किंवा दिवसाला चार-पाच सेटिंग बदलत असाल, तर घ्या. पण आधी मशीनच्या कंट्रोलवर मॅक्रोचा (प्रोबचे प्रोग्राम चालवायचा) पर्याय उघडा आहे का ते विचारा, नाहीतर प्रोब कपाटात आणि ऑपरेटर परत चलनाच्या कागदावर. महिनाभर एकच जॉब चालवणाऱ्याला मी झेड सेटर आणि साधा एज फाइंडरच सांगेन. आणि सकाळी गार स्पिंडलवर घेतलेली हाइट दुपारी बारीक कामाला जशीच्या तशी धरू नका, तापला की स्पिंडल वाढतो.