आधी स्कॅनिंग की आधी यादी? लहान शहराच्या जुन्या दप्तराविषयी

नगरपरिषदेच्या जुन्या अभिलेखांसाठी थोडाफार निधी हाती आला की बहुधा दोन प्रस्ताव समोर येतात. पहिला असतो संपूर्ण अभिलेख कक्षाचे स्कॅनिंग करून घेण्याचा. दुसरा असतो बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून, झाडून, त्यांची यादी करून, फाटकी पाने दुरुस्त करून ते पुन्हा नीट बांधण्याचा. दोन्ही कामे व्हायला हवीत, याबद्दल वाद नसतो. प्रश्न असतो तो आधी कोणते, कारण उरलेल्या कामासाठी पुन्हा पैसे कधी येतील याचा भरवसा लहान गावात कोणी देत नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत आधी यादी हा क्रम ठरविण्यात माझा सहभाग होता, आणि जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका कार्यालयात उलट क्रमाने झालेले कामही मला जवळून पाहता आले. पुढील मत त्या दोन अनुभवांवर बेतलेले आहे. प्रत्येक गावाला ते तंतोतंत लागू पडेल असा माझा आग्रह नाही.

आपल्या जिल्ह्यातील दप्तर एकाच घडणीचे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, करमाळा हा थेट इंग्रजी अंमलातील मुलूख होता, अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते, तर मंगळवेढा सांगली संस्थानाकडे होता. त्यामुळे कुठे १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याच्या साच्यातील नोंदवह्या मिळतात, तर कुठे संस्थानी कारभाराची पद्धत दिसते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानंतरचे कागद बरेचसे एकसारखे झाले, पण जुन्या भागात मोडी, बाळबोध (म्हणजे देवनागरी) आणि इंग्रजी एकाच बस्त्यात नांदत असतात. अशा दप्तरात कोणती वही कोणत्या मालिकेतील, हे ओळखणे हेच निम्मे काम असते, आणि ते यंत्र करून देत नाही.

स्कॅनिंगचा मोठा गुण मान्य करायलाच हवा. एकदा चांगले चित्र निघाले की मूळ वहीला वारंवार हात लावावा लागत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत जुना कागद इतका ठिसूळ झालेला असतो की वाचण्यासाठी पान उलटणेही त्याला सोसत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गाव नमुना १४ (गावपातळीवरची जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे राज्यभर बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि वर्षानुवर्षे न सुटलेल्या गाठी सोडाव्या लागल्या. त्या घाईत कोपरे तुटलेली, कण्यापासून सुटलेली पाने मी पाहिली आहेत. ज्यांच्याकडे चित्रे तयार होती, त्यांच्या वह्या त्या हाताळणीतून वाचल्या असाव्यात असे मला वाटते.

तरीही ज्या एका गोष्टीने माझे मत ठरले, ती स्कॅनिंग आधी झालेल्या कार्यालयातीलच आहे. एका गृहस्थांना आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल हवी होती. लिपिकाने संगणकावर पाने पुढे सरकवत ती नोंद शोधली. नाव, वडिलांचे नाव, जात, तारीख, खाली जमादाराची सही, सारे पडद्यावर स्वच्छ दिसत होते. मात्र ‘अस्सल बरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळाशी तंतोतंत जुळणारी प्रत, असा शेरा मारून सही करायची तर अस्सल समोर हवे, आणि ते कोणत्या बस्त्यात आहे हे कोणालाच सांगता येईना. फाईलचे नाव म्हणजे नुसता लांबलचक आकडा होता. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर मजकूर नाही म्हणून त्याचे चित्र घेतलेले नव्हते. वास्तविक बस्त्याचा जुना क्रमांक नेमका पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर असतो. शिवाय काम उरकताना बस्ते ज्या क्रमाने सुटले, त्या क्रमाने बांधले गेले नव्हते. अभिलेखपालांनी सही करण्यास नकार दिला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला असता. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ७५ सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत देण्याचे काम तो दस्तऐवज ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यावर सोपविते. इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी कलम ६३ चे प्रमाणपत्र आहे, त्यात फाईलचे हॅश मूल्यही (फाईल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा तिचा सांकेतिक आकडा) द्यावे लागते. पण खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला तो मार्ग सांगणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणेच होय.

याचे मूळ कोणाच्या हलगर्जीत शोधण्यापेक्षा दराच्या पद्धतीत शोधावे. स्कॅनिंगचा दर पानावर ठरतो, त्यामुळे पाने मोजली जातात आणि बस्ता कोणीच मोजत नाही. कोरे दिसणारे मागचे पान वगळले जाते, आणि जुन्या अर्जांवर साहेबांचा हुकूम बहुतेक वेळा पाठीमागेच असतो. घरपट्टीच्या आकारणी रजिस्टरात उजवीकडचा शेऱ्याचा रकाना शिवणीत गेलेला असतो. वही पुरती न उघडता चित्र घेतले की मालक बदलल्याची, वारस लागल्याची नोंद अर्धी कापली जाते. बरे, फाईल उघडून नाव टाकले आणि पान सापडले, असेही होत नाही. हाताने लिहिलेले जुने मराठी, त्यातही मोडी, यंत्राला अजून भरवशाने वाचता येत नाही. म्हणजे यादी शेवटी कोणीतरी बसून करावीच लागते. आधी केली नाही तर ती हजारो निनावी चित्रांवरून करावी लागते, आणि हे काम बस्त्यावरून यादी करण्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणे आहे.

यादीच्या बाजूनेही सारे गोड नाही. हे काम संथ चालते, धुळीने घसा बसतो आणि उद्घाटनाच्या दिवशी दाखविण्याजोगे त्यात काही नसते. पदाधिकाऱ्यांना संगणकाचा पडदा दाखविता येतो, स्वच्छ बांधलेला बस्ता कोण पाहायला येणार? पण आमच्याकडे हे काम झाल्यावर बस्ता क्रमांक, वर्ष, विषय, वहीची पृष्ठसंख्या आणि कागदाची अवस्था एवढे पाच रकाने भरलेले एक साधे रजिस्टर तयार झाले, आणि नक्कल देण्याचे काम त्याच्यावर आजही चालते. वीज गेली तरी चालते.

बांधणीच्या कपड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात ही सोय हाताशी असूनही चूक हमखास होते. बाजारातून लाल कापड आणून बस्ते बांधण्याची पद्धत जुनी आहे. पण छत गळले की त्याचा रंग थेट कागदावर उतरतो. बिनरंगी मांजरपाट घ्यावे, आणि तेही कोरे वापरू नये. मागाच्या कापडाला खळ असते हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि ती पिष्टमय खळ कसर, झुरळे यांचे आवडते खाद्य असते. गरम पाण्यात धुऊन, खळ पुरती काढून, उन्हात खणखणीत वाळवून मगच कापड वापरावे. फाटलेल्या पानाला गव्हाच्या स्टार्चची पातळ पेस्ट आणि जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठीचा पातळ पण चिवट कागद) वापरणारा जाणकार मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास ते पान आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवून थांबावे. चिकटपट्टी लावू नये, आणि ओळखपत्राला करतात तसले गरम प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर कोणी फुकट करून दिले तरी घेऊ नये, कारण ते कागदाला धक्का न लावता पुन्हा काढता येत नाही. वातानुकूलन यंत्राचा आग्रहही मला पटत नाही. कार्यालयीन वेळेत गारवा आणि रात्री मे महिन्याचा उकाडा, या रोजच्या चढउतारापेक्षा जाड भिंतींची, उत्तरेकडे खिडकी असलेली, जमिनीपासून वर लोखंडी मांडणी केलेली खोली कागदाला अधिक मानवते.

सारे दप्तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत पुण्याला, सोपवावे असा तिसरा पर्याय कधीकधी सुचविला जातो. दुर्मीळ संस्थानी कागदांसाठी तो विचारात घेण्यासारखा आहे. जन्म-मृत्यू आणि घरपट्टीची रजिस्टरे मात्र गावातच राहावीत, कारण ती मागायला येणारी माणसे गावातच राहतात.

काही ठिकाणी स्कॅनिंगच आधी करावे लागेल, हेही खरे. इमारत पाडायची असेल, दप्तर तातडीने हलवायचे असेल, किंवा वही अशा अवस्थेत असेल की ती एकदाच उघडता येईल, तर यादीची वाट पाहू नये. १९३० च्या मेमध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला त्या काळातील सभांची कार्यवृत्ते कोणाकडे असतील, तर अभ्यासकांच्या सोयीसाठी तीही आधी घ्यावीत. एरवी माझा कल यादी आणि बस्त्यांकडे आहे, आणि त्यानंतर निवडक मालिकांचे स्कॅनिंग: प्रथम जन्म-मृत्यू रजिस्टर, मग आकारणी रजिस्टर, मग ठरावांच्या वह्या. आकारणीची मोठी वही रंगीत, ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), टिफ या चित्र-फाईलच्या प्रकारात, आकार कमी न करता घेतली तर ए-३ आकाराचे एक पान सुमारे ५० एमबी होते. ३०० पानांची एक वही १५ जीबीवर जाते, आणि त्या फाईलींची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवायची असते. सरसकट स्कॅनिंगचा प्रस्ताव मांडणारे हा खर्च सहसा मांडत नाहीत.

निविदा काढणाऱ्यांनी अटींमध्ये तीन गोष्टी घालाव्यात असे सुचवितो. प्रत्येक वहीचे पहिले चित्र बस्ता क्रमांकाच्या चिठ्ठीसह पुठ्ठ्याचे असावे आणि फाईलचे नाव त्याच क्रमांकाने सुरू व्हावे. फीडरमधून, म्हणजे पाने आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रातून, एकही पान जाऊ नये. वरून छायाचित्र घेणारे यंत्रच वापरावे आणि कोऱ्या बाजूही घ्याव्यात. देयक पानांच्या संख्येवर न देता, बस्ता यादीशी ताडून पुन्हा बांधला गेल्याची अभिलेखपालांची सही झाल्यावर, बस्त्यागणिक द्यावे. या तिसऱ्या अटीवर कंत्राटदार कुरकुर करतात, दरही थोडा वाढवून मागतात, तो द्यावा.